घरगुती पत्ते

हवालदार सकाळी नऊला आले. रतन वाघमारे तेव्हा फाटकाशी उभे राहून मेथी निवडून घेत होते. आपल्या घरी पोलीस येतील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यामुळे हवालदारांना पुढे जायला वाट हवी असेल असं समजून ते जुडीसकट बाजूला सरकले. हवालदार तिथेच थांबले.

“रतन वाघमारे आपणच का?”

“हो.”

“इंटरनेटचं कनेक्शन तुमच्या नावावर आहे?”

त्यांची मुलगी निकिता ऑफिसला निघाली होती. हेल्मेट पुन्हा काढून ती पुढे आली आणि हवालदारांच्या हातातला कागद तिने वाचला. एका ऑनलाइन दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या खात्यांमध्ये कुणीतरी पासवर्ड लावून लावून शिरायला बघत होतं. आदल्या महिन्यातली तारीख होती, मंगळवार, दुपारी तीन वाजून बत्तीस मिनिटं. हा उद्योग ज्या कनेक्शनवरून झाला त्याचा आकडी पत्ता खाली छापला होता, आणि केबलवाल्याच्या नोंदीप्रमाणे तो पत्ता बोपोडीतल्या या घराचा होता.

“दुपारी साडेतीनला घरात कोण असतं?” हवालदारांनी विचारलं.

“मी आणि मंडळी. आम्ही त्या वेळी जरा पडतो.”

“आणखी कुणी?”

रतनरावांनी मेथीच्या जुडीची दोरी बोटाला गुंडाळली. “वरच्या खोलीत भाडेकरू आहे. सुदर्शन भोयर. भोसरीला कंपनीत आहे. पहिली पाळी असली की तीनपर्यंत घरी येतो.”

हवालदारांनी नाव लिहून घेतलं, मोबाइल नंबर लिहून घेतला. निकिताने कागदाचा फोटो काढून ठेवला. ती घरातली कॉम्प्युटरवाली, तेव्हा हे प्रकरण आता आपल्याच गळ्यात येणार हे तिला दिसत होतं.

रतनरावांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. छत्तीस वर्षं रोज फाटकावर डबा उघडून दाखवायचा, खिसे दाखवायचे, मग आत. त्यांना त्यात कधी अपमान वाटला नाही. निवृत्त होऊन क्वार्टर सोडलं, बोपोडीत हे वरखाली दोन खोल्यांचं घर बांधलं, तरी कुणाची काही पिशवी दिसली की त्यांची नजर आधी पिशवीकडे जायची. त्या दिवशी ती जिन्याकडे गेली.

निकिताचं ऑफिस कर्वेनगरला, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. सात माणसांची कंपनी. खाजगी बसवाल्यांना ते रोज सांगायचे, की तुमच्या मार्गावर बाकीच्यांचा आज काय दर आहे. त्यासाठी त्यांचं मशीन तिकिटांच्या साइटवर दिवसातून हजार वेळा जाऊन दर विचारायचं. एकाच पत्त्यावरून इतक्यांदा कुणी विचारायला लागलं की साइट तो पत्ता बंद करते. तसा तो गेल्या महिन्यात तीनदा बंद झाला होता.

“आपल्याला सारखं हाकलतायत,” मालकीण भाग्यश्री केतकर म्हणाल्या होत्या. “प्रॉक्सी घ्यायची आता. म्हणजे आपण विचारायचं, पण दुसऱ्याच्या पत्त्यावरून. त्यात चार प्रकार असतात म्हणे. कुठला आपल्याला लागतो ते शोध आणि शुक्रवारी सांग. मला व्याख्यान नको, उत्तर हवंय.”

प्रकार चार नव्हते, तीन होते. निकिताने वहीत तीन रकाने पाडले होते. पहिल्यात सर्व्हरच्या गोदामातले पत्ते. वेगवान, स्वस्त, पण साइटला लगेच कळतं की इथे माणूस राहत नाही, नुसती यंत्रं राहतात. तिसऱ्यात मोबाइलचे पत्ते. तिथे एका पत्त्यामागे शेकडो सिमकार्डं असतात, म्हणून साइटवाले तो बंद करायला कचरतात, पण महाग आणि रडतखडत चालणारे. मधल्या रकान्यात घरगुती पत्ते. कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या घरातलं कनेक्शन. साइटला वाटतं, कोथरूडमधल्या एखाद्या काकू नागपूरच्या बसचा दर बघतायत.

घरगुती पत्ते विकणारा संतोष नावाचा माणूस बाणेरच्या ऑफिसातून रोज फोन करायचा. त्याच दिवशी दुपारी त्याचा पुन्हा फोन आला.

“पुण्यातलेच अकरा हजार आहेत मॅडम. सगळे जेन्युइन होम युजर्स.”

“अकरा हजार घरं? कुणाची?”

“युजर्सची.”

“त्यांना माहीत आहे, की त्यांच्या घरातून आम्ही बसचे दर बघणार?”

“हंड्रेड पर्सेंट कन्सेंट घेतलेला आहे मॅडम.”

“कसा घेता?”

“ते आमची टेक टीम बघते.” आणि संतोष लगेच वेगाबद्दल बोलायला लागला.

निकिताने मधल्या रकान्यात ‘कुठून?’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. तिला त्या माणसाच्या आवाजातला गुळगुळीतपणा आवडला नव्हता. पण सकाळपासून तिला कुणाचंच काही आवडत नव्हतं. तिच्या डोक्यात वरची खोली होती.

सुदर्शन यवतमाळकडचा. दीड वर्षापूर्वी खोली बघायला आला तेव्हा चपला फाटकाबाहेर काढून आत आला होता. रतनरावांना काका, त्यांच्या बायकोला, हिराबाईंना काकू आणि निकिताला, तिच्याहून दोनतीन वर्षांनी लहान म्हणून, ताई म्हणायचा. भाडं वेळेवर, आवाज नाही, येणंजाणं नाही. आतापर्यंत हे सगळे गुण होते. त्या संध्याकाळी जेवताना रतनरावांनी तेच एकेक करून पुन्हा मांडले तेव्हा ते निराळेच दिसायला लागले. कुणाला भेटत नाही, ते का? दार लावून बसतो, ते का? दिवाळीनंतर त्याने लॅपटॉप घेतला, आणि दिवाळीनंतरच घरातलं नेट रखडायला लागलं होतं. निकिता घरी काही उघडायला गेली की साइट तिला आधी ‘तुम्ही माणूस आहात का’ विचारायची आणि सिग्नलची चित्रं ओळखायला लावायची. ऑफिसात असं व्हायचं नाही. घरीच व्हायचं.

“म्हणजे आपल्या घरावर या साइट्सचा आधीपासून संशय आहे,” निकिता म्हणाली.

“आपल्या घरावर नाही,” रतनराव म्हणाले. “आपल्या नेटवर.”

जेवण झाल्याबरोबर त्यांनी सुदर्शनला खाली बोलावलं. तो ओला टॉवेल खांद्यावर टाकून आला, तसाच उभा राहिला. रतनरावांनी कागदाची हकिगत सांगितली आणि म्हणाले, “तुझ्यावर संशय आहे असं नाही. पण विचारणं भाग आहे.”

“मी काही केलं नाही जी, काका.”

“मग लॅपटॉप दाखव निकिताला. तिला कळतं. पाच मिनिटांचं काम.”

सुदर्शन निकिताकडे बघत राहिला. “लॅपटॉप नाही दाखवणार मी, ताई. माझं खाजगी आहे त्यात.”

“माझ्याशिवाय कुणी बघणार नाही,” निकिता म्हणाली.

“तुम्ही तर बघालच ना.”

एवढं बोलून तो वर गेला. जिन्यावर त्याची पावलं नेहमीपेक्षा हळू वाजली. रतनराव मुलीकडे वळले. त्यांना तिच्याकडून काय ऐकायचं होतं हे तिला ठाऊक होतं, आणि तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

“काहीतरी लपवतोय तो, बाबा,” ती म्हणाली.

हिराबाई ताटं उचलत होत्या. त्या म्हणाल्या, “लपवायला प्रत्येकाकडे काहीतरी असतंच.” पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी निकिताने वायफायचा पासवर्ड बदलला. शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली तर सिग्नलची चित्रं तशीच. राउटरवर कोणकोण जोडलंय याची यादी तिने उघडली, आणि त्यात सुदर्शनचा लॅपटॉप दिसला. नवा पासवर्ड त्याच्याकडे होता.

“मीच दिला,” हिराबाई म्हणाल्या. “त्याची आज मुलाखत होती, ऑनलाइन. दारात येऊन उभा राहिला. नाही कसं म्हणायचं?”

रतनराव सरळ वर गेले. काय बोलणं झालं ते खाली ऐकू आलं नाही, आवाज चढला नव्हता. शनिवारी सकाळी सुदर्शनने वळकटी, दोन बॅगा आणि एक छोटी शेगडी रिक्षात घातली. कात्रजला त्याच्या गावचा कुणी राहत होता, त्याच्याकडे चाललोय म्हणाला. किल्ली त्याने हिराबाईंच्या हातात दिली आणि त्यांच्या पाया पडला. रतनराव आत पेपर वाचत होते. निकिता खिडकीतून बघत होती. हे बरोबर झालं असं तिला वाटलं, आणि वाटूनही बरं वाटलं नाही.

शुक्रवारी ऑफिसात तिने मधल्या रकान्याची शिफारस केली होती, प्रश्नचिन्ह तसंच ठेवून. भाग्यश्रीबाईंनी वही पाहिली होती.

“हे प्रश्नचिन्ह कुणासाठी? माझ्यासाठी की त्या संतोषसाठी?”

“घरं कुठून येतात ते तो सांगत नाही.”

“मग दोन दिवस फुकट वापरायला माग त्याच्याकडे आणि तूच बघ.”

संतोषने आनंदाने दिलं. सोमवारी दुपारी निकिताने मशीन सुरू केलं. तिने फक्त पुण्यातले पत्ते मागितले, आणि प्रत्येक वेळी आपण कुठल्या पत्त्यावरून बाहेर पडलो ते पडद्यावर उमटत राहील असं केलं. आकड्यांच्या ओळी एकाखाली एक येऊ लागल्या. पुढे कनेक्शन देणाऱ्याचं नाव. मोठ्या कंपन्या, छोटे केबलवाले. कुठल्या तरी घरात या क्षणी कुणी भाजी चिरत असेल, आणि त्याच्या कनेक्शनवरून मी कोल्हापूरच्या बसचा दर विचारतेय, असं तिच्या मनात आलं. मग एका ओळीपुढे बोपोडीच्या केबलवाल्याचं नाव आलं.

तिने फोनमधला फोटो उघडला. हवालदारांच्या कागदावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा तिने एकेक अंक बोट ठेवून जुळवला. मग पुन्हा जुळवला. त्यांचा केबलवाला पत्ता बदलत नसे, वर्षानुवर्षं तोच. ते तिचं घर होतं. दुपारचे तीन चाळीस झाले होते. आई आणि बाबा झोपले असतील. सुदर्शनला जाऊन दोन दिवस झाले होते.

आता खरं तर तिला उलगडायला हवं होतं. पण संशय एकदा माणसावर बसला की लगेच उठत नाही. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की जाताना त्याने वर काहीतरी ठेवलंय. एखादं छोटं यंत्र, माळ्यावर, पलंगाखाली. ती डोकं दुखतंय सांगून लवकर निघाली, घरी आली आणि किल्ली घेऊन थेट वर गेली. खोली झाडून पुसून ठेवलेली होती. माळा रिकामा. भिंतीवर एक खिळा, त्याला कॅलेंडरची दोरी. खिडकीच्या पट्टीवर तिने हात फिरवला, बटणांच्या फळीचं झाकणसुद्धा पेचकसाने उघडून पाहिलं. तारांशिवाय आत काही नव्हतं. पेचकस हातात धरून ती त्या रिकाम्या खोलीत उभी राहिली तेव्हा तिला प्रथम स्वतःची लाज वाटली.

मंगळवारी तिने रजा टाकली. रतनराव अकराला बुद्धविहारातल्या वाचनालयात गेले. निकिता ऑफिसचा लॅपटॉप स्वतःच्या मोबाइलच्या नेटला जोडून जिन्यात बसली आणि संतोषचे फुकट पत्ते, या वेळी फक्त बोपोडीच्या केबलवाल्याचे मागून, पुन्हा सुरू केले. दर काही मिनिटांनी घरचा आकडा उमटत होता.

“आई, तुझा फोन बंद कर,” तिने खाली हाक मारली.

फोन बंद झाला. आकडा आला.

“बाबांचा जुना फोन कपाटात आहे, तोही.”

तरी आकडा आला. निकिताने घरातला आपला टॅबलेट बंद केला. आकडा आला.

“आता राहिलंय काय घरात?” हिराबाईंनी विचारलं. “मिक्सर बंद करू?”

“टीव्ही.”

“टीव्ही बंदच आहे की.”

“टीव्ही नाही. त्याच्यामागचा काळा डबा. त्याची वायर काढ.”

हिराबाईंनी वायर काढली. निकिता पडद्याकडे बघत बसली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बोपोडीतली कितीतरी घरं येऊन गेली, त्यांचं आलं नाही. तासाभराने तिने वायर पुन्हा लावायला सांगितली. नवव्या मिनिटाला आकडा आला.

तो डबा तिनेच आणला होता. दिवाळीत, बाबांना जुने सिनेमे बघता यावेत म्हणून. त्यात एक ॲप घातलं होतं, सगळे सिनेमे फुकट दाखवणारं. तिने खाली येऊन टीव्ही लावला आणि त्या ॲपच्या अटी उघडल्या. बारीक अक्षरात इंग्रजीत, पान खाली सरकवत सरकवत ती कितीतरी वेळ वाचत होती. मधेच कुठेतरी एक वाक्य होतं. डबा वापरात नसताना आपलं कनेक्शन आमचे व्यावसायिक भागीदार वापरू शकतील. त्याखाली ‘मान्य’चं बटण. दिवाळीच्या दिवशी, फराळाचा हात रुमालाला पुसून, ते बटण तिने दाबलं होतं.

तिने संतोषला फोन लावला.

“मॅडम, कसं वाटलं? रिझल्ट्स एक नंबर ना?”

“तुमच्या यादीत बोपोडीचं एक घर आहे. ते माझं आहे.”

संतोष म्हणाला, “कन्सेंट असणार मॅडम. त्याशिवाय येत नाही.”

“आहे. मीच दिलेला आहे, मला न कळता. आणि माझ्या घरातून कुणीतरी दुसऱ्यांच्या खात्यांत शिरायला गेलं. दारात पोलीस आले. तुमचं गिऱ्हाईक कोण होतं ते?”

“ते आम्हाला सांगता येत नाही. आम्ही फक्त रीसेल करतो.” त्याचा आवाज खाली आला, आणि पहिल्यांदाच तो माणसासारखा बोलला. “मॅडम, मी असं करतो. तुमचं घर यादीतून काढायला सांगतो. पर्सनली.”

“आणि बाकीची?”

संतोष पुन्हा वेगाबद्दल बोलायला लागला. निकिताने फोन ठेवला.

रतनराव दीडला आले. काळा डबा जेवणाच्या टेबलावर ठेवलेला पाहून ते चपला न काढता उभे राहिले. निकिताने सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता. ते खुर्चीत बसले.

“म्हणजे त्या दुपारी मी झोपलो होतो, तेव्हा या डब्यातून कुणीतरी चोरी करायला गेलं.”

“करायला बघितली.”

“डबा तू आणलास.”

“हो.”

“आणि पोलिसांना नाव मी त्या पोराचं दिलं.”

हिराबाई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. “तुम्हाला आठवतं का,” त्या म्हणाल्या, “लग्नानंतर आपण दापोडीला खोली बघायला गेलो होतो. आडनाव सांगेपर्यंत सगळं ठरलं होतं. मग ती बाई म्हणाली, तसं काही नाही हो, पण आमच्या घरात विचारणं भाग आहे. तुम्ही त्या दिवशी त्याला जवळजवळ तेच बोललात. मी ऐकत होते.”

रतनरावांनी चष्मा काढला. पुष्कळ वेळ ते काचा पुसत राहिले, स्वच्छ होत्या तरी. त्या दुपारी ते झोपले नाहीत. डबा पिशवीत घालून निकिताबरोबर चौकीत गेले, हवालदारांसमोर सगळं लिहून दिलं, अटींच्या पानाचे फोटो दिले. हवालदारांनी डबा उलटसुलट करून पाहिला.

“यातून होतं हे?” ते म्हणाले. “आमच्या मेहुण्याकडेपण असलाच आहे.” मग कागद चाळत म्हणाले, “तुमच्या त्या भाडेकरूला फोन केला होता आम्ही. भला मुलगा वाटला. येऊन जबाब देऊन गेला.”

रतनरावांना हे माहीत नव्हतं.

बुधवारी निकिता भाग्यश्रीबाईंच्या टेबलासमोर बसली. घरची गोष्ट तिने सांगितली तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं. असं त्या सहसा करत नसत.

“म्हणजे तू शुक्रवारी मला सुचवलंस ते हे.”

“हो. ते मी मागे घेते. घरगुती नको. कितीही सोयीचं असलं तरी.”

“नको म्हणायला सोपं आहे. सोमवारी नऊ शहरांचे दर द्यायचेत आपल्याला. कुठून आणणार?”

निकिताने रात्रभर विचार केलेला नव्हता, सकाळी स्कूटरवर केला होता, त्यामुळे ती जरा अडखळत बोलली. “मी हिशोबच चुकीचा मांडला होता, मॅडम. कुठल्या प्रकारचे पत्ते चांगले, हे मी बघत बसले. आपल्याला लागतं किती, ते बघितलंच नाही. आपल्याला अकरा हजार घरं कशाला हवीत? नऊ शहरं, दिवसातून दोनदा. ज्या साइट्सची हरकत नाही त्यांच्यासाठी गोदामातले चार पत्ते पुरतात. बाकीसाठी आपल्याच बसवाल्यांच्या ऑफिसांत एकेक छोटं मशीन ठेवू, आपल्या सिमकार्डावर. त्यांना काय चालणार आहे ते मराठीत लिहून, सही घेऊन. आणि हजार वेळा विचारायचं बंद करू. इतक्यांदा दर बदलतसुद्धा नाहीत.”

“दोन साइट्स तरीही हाकलतील.”

“हाकलतील.”

“त्यातल्या एकीचे दर सातारच्या शिंद्यांना रोज लागतात. ते आपल्याला सोडतील.”

“सोडतील कदाचित.”

भाग्यश्रीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. खालच्या क्लासमधून पाढ्यांसारखा मुलांचा एकसुरी आवाज येत होता. “मला ते शिंदे तसेही आवडत नाहीत,” त्या शेवटी म्हणाल्या. “माणूस बिलावर सही करताना पेन मागतो आणि परत देत नाही. लाग कामाला. आणि त्या संतोषला कळव, त्याच्या कन्सेंटचा कागद दाखवला तर विचार करू. दाखवणार नाही तो.”

त्याने दाखवला नाही. शिंद्यांनी पुढच्या महिन्यात दुसरी कंपनी धरली.

रविवारी बापलेक कात्रजला गेले. दूध डेअरीच्या पुढे चढावर, एका चाळवजा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर खोली होती. सुदर्शन एकटाच होता. त्याने दार उघडलं, दोघांना पाहिलं, आणि दारातून बाजूला झाला, पण या म्हणाला नाही. रतनराव उभ्यानेच बोलले. कारखान्यात साहेबापुढे बोलावं तसं, आधी काय घडलं, मग काय सापडलं.

“डबा आमचा होता. चूक आमची. पोलिसांना सगळं लिहून दिलंय.”

“पोलिसांना माझं नाव तुम्ही दिलं होतं ना, काका?”

“हो. मीच दिलं.”

सुदर्शनने मान हलवली. त्याला ते ठाऊक असावं, पण ते तोंडाने कबूल होतंय का एवढंच बघायचं असावं. “कंपनीत फोन आला होता त्यांचा. सुपरवायझरने सगळ्यांसमोर बाजूला घेतलं. आणि ती मुलाखत झाली ना शुक्रवारी, तिथं निवड झाली माझी. फॉर्ममध्ये विचारलं होतं, पोलिसांची काही चौकशी चालू आहे का. मी हो लिहिलं जी. खोटं कसं लिहू? आता ते म्हणतात, थांबा.”

निकिता म्हणाली, “लॅपटॉप मागायला नको होता मी.”

“त्यात काय होतं ते मी आजही नाही सांगणार, ताई.”

“नको सांगूस.”

रतनरावांनी खिशातून घडी केलेलं पत्र काढलं. त्यांनी ते घरून लिहून आणलं होतं, नव्या कंपनीला देण्यासाठी, ताठ सुवाच्य अक्षरात. सुदर्शनने ते उभ्याउभ्या वाचलं. एका ओळीवर तो थांबला.

“इथं ‘गैरसमजातून’ लिहिलंय तुम्ही.”

“हो.”

“गैरसमज दोघांचा होतो, काका. माझा काही समज झालाच नव्हता. ‘आमच्या चुकीमुळे’ लिहा.”

निकिताला वाटलं, बाबा आता ताठरतील. रतनरावांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत टेबल नव्हतं. ते पलंगाच्या कडेला बसले, सुदर्शनने दिलेली जाड वही मांडीवर घेतली आणि सगळं पत्र पहिल्यापासून नव्याने लिहायला लागले. एक शब्द खोडून चाललं असतं. पण खाडाखोड असलेला कागद कंपनी कशी मानेल, असं ते म्हणाले. लिहून होईपर्यंत सुदर्शन भिंतीला टेकून उभा होता. सही झाल्यावर त्याने पत्र पुन्हा वाचलं आणि बॅगेत ठेवलं.

“खोली रिकामीच आहे,” रतनराव उठताना म्हणाले.

“द्या जी कुणाला. मी नाही येणार आता.”

“बरं.”

जिना उतरताना रतनरावांनी कठडा धरला होता. खाली रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, की चहा विचारला नाही त्याने. तक्रार नव्हती त्यात. निकिता म्हणाली, नाही विचारला. मग दोघं बसच्या थांब्यापर्यंत चालत गेले.

नव्या कंपनीने सुदर्शनला तीन आठवडे उशिरा रुजू करून घेतलं. हे त्याने हिराबाईंना फोन करून सांगितलं, बाकी कुणाला नाही. त्या फोनवर बराच वेळ बोलत होत्या. रतनराव समोरच बसले होते. फोन संपल्यावर त्यांनी विचारलं, काय म्हणाला. हिराबाई म्हणाल्या, खुशाल आहे. आणि भाजी निवडायला बसल्या.